घागर आणि ओंजळ यांच्यातलं अंतर: चित्रं शिकताना इतिहास-साहित्य कशाला?

प्रश्न: मी वाईची. यंदा बारावी आर्ट्सला आहे. इतिहास आणि मराठी हे माझे आवडते विषय. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्हीला ए ग्रेड आहे. मला पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत. आई-बाबा म्हणतात, इतिहासात बीए कर, चित्रं फावल्या वेळात काढता येतात. आर्ट कॉलेजात शिकणारा ओळखीचा एक दादा म्हणतो, तिथे थिअरी पासापुरतीच असते, सगळं लक्ष प्रॅक्टिकलवर. मग माझं वाचन तिथे वाया जाईल का? ताई, मी काय करू?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगते. आर्ट कॉलेजला जा, अप्लाइडला, म्हणजे उपयोजित कलेच्या शाखेला जा, आणि त्या दादाचं ऐकू नकोस. आता सविस्तर. मी २८ वर्षं पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते आहे. त्यातली १४ वर्षं इलस्ट्रेशन शिकवायलाही जाते. थिअरीच्या तासाला मागच्या बाकावर बसून सबमिशनच्या शीट रंगवणाऱ्यांत मीही होते, आणि त्याची किंमत पुढे कामात मोजली आहे. म्हणून तुझा प्रश्न मला जवळचा वाटला.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एका दलित आत्मकथनातला दीड पानाचा उतारा चित्रासाठी दिला. शाळेतल्या मुलाला तहान लागते, तो ताटकळत उभा राहतो, शेवटी कोणीतरी येतं आणि त्याला पाणी मिळतं. बहुतेकांनी तांब्या तोंडाला लावून पाणी पिणारा मुलगा काढला. हात छान होते, ओठांवरून ओघळणारं पाणी छान होतं, दुपारचा प्रकाश तर फारच छान. आणि ती सगळी चित्रं चुकली होती. उताऱ्यात 'वरून' असा एकच शब्द होता. पाणी वरून ओतलं गेलं होतं, कारण त्या मुलाचा हात भांड्याला लागलेला चालत नव्हता.

वर्गातल्या एका मुलीने, जिची अ‍ॅनाटॉमी तेव्हा कच्चीच होती, कागद उभा धरला होता. वरच्या कडेला घागरीचं फक्त तोंड, खालच्या कडेला जोडलेली ओंजळ, आणि मधे जवळजवळ पूर्ण कागद मोकळा. त्या मोकळ्या जागेतून उतरणारी पाण्याची एक बारीक रेघ. माणसाचा चेहरा कुठेच नाही. शीट भिंतीवर लावली तेव्हा वर्ग गप्प झाला. मी तिला विचारलं, हे कुठून सुचलं? ती म्हणाली, उतारा वाचून काही कळेना, म्हणून महाडच्या चवदार तळ्याबद्दल वाचलं. पाण्याला नुसता हात लावण्यासाठी १९२७ साली माणसांना सत्याग्रह का करावा लागला, हे वाचल्यावर उतारा परत काढला, आणि त्या 'वरून'वर थांबले.

ती 'थांबले' म्हणाली, ते थांबणं मला तुझ्याकडून हवं आहे. बाकीच्यांना हात काढता येत होते, पण कुठे थांबायचं ते ठाऊक नव्हतं. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र हे विषय बोधचित्रकाराला, म्हणजे मजकुरासाठी चित्रं काढणाऱ्याला, एवढंच शिकवतात, आणि एवढं पुष्कळ आहे. ते चित्र त्या दोन हातांमध्ये नव्हतं, मधल्या अंतरात होतं. ते अंतर दिसायला डोळे पुरले नाहीत, वाचन लागलं.

आता माझी चूक सांगते. माझं चौथं की पाचवं पुस्तक, मुलांसाठी संतांच्या गोष्टी. मुक्ताबाई मांडे भाजते ती गोष्ट तुला माहीत असेलच. मी मोठ्या हौसेने स्वयंपाकघर काढलं. चूल, परात, उतरंड, कोपऱ्यात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची माळ, टोपलीत बटाटे, दारावर झेंडूचं तोरण. तांबडा आणि केशरी रंग पानभर खेळला होता आणि मला स्वतःला ते पान फार आवडलं होतं. पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात प्रकाशकांकडे एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी रागावून लिहिलं नव्हतं, समजावून लिहिलं होतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. मिरची आणि बटाटा या अमेरिका खंडातल्या गोष्टी, पोर्तुगीजांची जहाजं इकडे यायला लागल्यावर आलेल्या, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं नंतरच्या. झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा. मुक्ताबाईच्या घरात तिखटाला मिरे असतील, आलं असेल, पिंपळी असेल. दारावर आंब्याचे टाळे असतील.

ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. माहिती चुकली ती पुढच्या आवृत्तीत सुधारता आली. पण मला शंका आली नव्हती, हे जास्त लागलं. मिरची डोळ्यांसमोर इतकी सवयीची होती की ती कधीतरी कुठूनतरी आली असेल हा विचारच शिवला नाही. मिरची कधी आली ते इतिहासाच्या तासाला कोणी शिकवत नाही. पण 'हे नेहमी असंच होतं का?' हा प्रश्न विचारायची सवय तिथे लागते, आणि ती एकदा लागली की चित्रात प्रत्येक वस्तू ठेवताना हात क्षणभर अडतो. आपल्याकडे तर शिवाजी महाराज म्हणून कित्येक वर्षं भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. खरं चित्र वा. सी. बेंद्रे या इतिहास संशोधकाने कागदपत्रं धुंडाळून १९३३ साली लोकांपुढे आणलं. चित्रकारांनी एकमेकांचं बघून तेच चित्र गिरवलं होतं, मूळ कुठलं हे विचारलं नव्हतं.

कॉलेजातल्या सौंदर्यशास्त्राच्या पेपराबद्दल मुलांची सर्वांत मोठी तक्रार असते. ती मला पटते, कारण तो बहुतेक ठिकाणी पाठांतरासारखा शिकवला जातो. रससूत्र पाठ करायचं, आठ रसांची यादी लिहायची, नववा शांतरस जोडायचा, मार्क घ्यायचे. पण भरतमुनीने नाट्यशास्त्रात जे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव सांगितले, ते मी रोज वापरते. समज, वाक्य आहे: 'आजही आईचं पत्र आलं नाही.' नवशिका चित्रकार उदास मुलीचा चेहरा काढतो, ओठांची टोकं खाली, डोळ्यांत पाणी. झालं. आता भरताच्या वाटेने जा. विभाव म्हणजे कारण: पोस्टमनची सायकल गल्लीच्या टोकाला वळताना दाखव. अनुभाव म्हणजे आतलं शरीरावर कसं उमटतं ते: मुलीच्या पायाचा अंगठा चपलेत आखडलेला आहे. आणि व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, शंका, आशा, थकवा: तिने दार अजून लावलेलं नाही, कडीवर हात तसाच आहे. चेहरा पाठमोरा असला तरी चालेल. नाटकासाठी लिहिलेलं हे शास्त्र इलस्ट्रेशनच्या वर्गात असं उघडून दाखवलं की मुलं ताठ बसतात. तुझ्या कॉलेजात नाही दाखवलं, तर तू स्वतः उघड.

कला-इतिहासाचंही तसंच. अजिंठा म्हणजे शतकं, लेण्यांचे क्रमांक आणि पद्मपाणी, एवढ्यावर परीक्षा भागते. मला विचारशील तर पुस्तकं करणाऱ्याने अजिंठ्याला कथाचित्रं बघायला जावं. १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट आहे. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. महालात येतो, रथात येतो, अरण्यात येतो. शिवाय गोष्ट तिथे अनेकदा काळाच्या क्रमाने मांडलेलीच नाही. महालात घडलेल्या गोष्टी एका बाजूला, अरण्यातल्या दुसऱ्या बाजूला, मग त्या कितीही आगेमागे घडलेल्या असोत. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं आणि घरी येऊन ज्या चित्रपुस्तकावर अडले होते त्याचा डमी, म्हणजे कच्ची नमुनाप्रत, फाडून नवा केला. गोष्ट पानं उलटत पुढे न्यायच्याऐवजी एका वाड्याचा आडवा छेद काढला आणि तिन्ही पिढ्या त्याच वाड्याच्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या मुलांचा अजिंठ्याशी संबंध फार जुना आहे. कॉलेज १८५७ सालचं. १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करत होते. पुढे लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. हे वाचलं की मला अजून हळहळ वाटते. वटवाघळांच्या अंधारात बसून त्या मुलांनी रेषा न् रेषा उतरवून घेतली होती.

आणि अजिंठा लांब वाटत असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. चित्र बदललं की सूर बदलतो. चित्रपुस्तकात पान उलटण्याची जागा कुठली असावी, हे मला वर्गात जितकं कळलं नाही तितकं त्या चित्रांच्या पोथीसमोर बसून कळलं. ही कला सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, पण आपल्या कितीतरी अभ्यासक्रमांत तिला एका परिच्छेदापलीकडे जागा नाही, याचं मला वाईट वाटतं.

समाजशास्त्राबद्दल एकच उदाहरण देते. पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत बाबा खुर्चीत पेपर वाचत आणि आई ओट्यापाशी. चित्रकारांनी ते मुद्दाम केलं नाही, हाताला सवय होती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. धड्याच्या मजकुरावर नाही, चित्रावर. सात वर्षांचं मूल मजकूर वाचायच्या आधी चित्र वाचतं. तुझ्या रेषेतून कोण बसलंय आणि कोण उभं आहे हे ठरणार आहे, एवढं लक्षात असू दे.

आता तुझ्या आई-बाबांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आर्ट कॉलेजात शिकले नव्हते. त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहासात बीए केलं होतं, आणि गोव्यातल्या लोटली गावाच्या त्यांच्या गर्दीच्या चित्रांत एकेका माणसाच्या कपड्यांवरून त्याचा गाव, धर्म, धंदा, ऐपत कळते, त्यात तो अभ्यास मला दिसतो. व्यंगचित्रकार वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते. म्हणजे पदवी कुठलीही चालते. उलट बाजूने माधुरी पुरंदरे बघ. शिक्षण जे. जे.मध्ये चित्रकलेचं, मग फ्रेंच भाषेचा अभ्यास, अनुवाद, आणि मुलांसाठीची पुस्तकं स्वतः लिहून स्वतः चितारलेली. त्यांची चित्रं पाहताना लेखक कुठे संपतो आणि चित्रकार कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

मग मी आर्ट कॉलेज का म्हणते? कारण 'फावल्या वेळात' हात तयार होत नाही. अठरा ते बावीस या वयात रोज सहा-सात तास रेखाटन, समोर जिवंत मॉडेल, शेजारी तुझ्यापेक्षा चांगलं काढणारी चार मुलं, आणि दर आठवड्याला भिंतीवर लागलेलं काम सगळ्यांसमोर ऐकून घेण्याची सक्ती, हे घरी बसून मिळत नाही. मी घरी शिकून उत्तम काम करणारे लोक पाहिलेत, पण त्यांनी ती शिस्त फार कष्टाने मिळवली. वाचन मात्र वाईत बसूनही होतं. म्हणून जे घरी मिळत नाही त्यासाठी कॉलेजला जा.

इतिहासातली पदवी हवीच असेल तर मुक्त विद्यापीठातून बीए कर. एक पदवी नियमित आणि दुसरी दूरशिक्षणाने, अशा दोन एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे. फक्त पहिल्या वर्षी हे करू नकोस. फाउंडेशनच्या वर्षात सबमिशनं अंगावर येतात, रात्री-रात्री जागावं लागतं. दुसऱ्या वर्षापासून विचार कर.

प्रवेशाचं पटकन सांगते. चार वर्षांच्या बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथली प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या सूचना बघूनच समजून घे. मुंबईच धरून बसू नकोस. पुणे, कोल्हापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि गोव्यात पणजीलाही कॉलेजं आहेत. फॉर्म भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जा आणि दोन गोष्टी विचार. पुढच्या वर्षांत इलस्ट्रेशन हा विषय निवडता येतो का, की फक्त जाहिरातीचं काम करून घेतात? आणि ग्रंथालय बघू का? ग्रंथालयाचं दार उघडायला किल्ली शोधावी लागली, तर मी तरी दुसरं कॉलेज बघेन.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांची एक अडचण कोणी बोलत नाही. थिअरीच्या नोट्स बहुतेक इंग्रजीत असतात. मुलं शब्द पाठ करतात, पास होतात, आणि विषय आपला नाही असं धरून चालतात. माझंही तसंच झालं. तू पहिल्या दिवसापासून स्वतःची वही मराठीत ठेव. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तुझ्या गावातच आहे, आणि आता तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. चित्रकला, वेशभूषा, वास्तुकला यांवरच्या त्यातल्या नोंदी मी आजही आधी वाचते, मग इंग्रजी संदर्भाकडे वळते. संकल्पना आपल्या भाषेत एकदा बसली की परीक्षेत ती कुठल्याही भाषेत लिहिता येते.

वाचायचं कसं, तर माझी पद्धत अशी आहे. मजकूर आला की पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता वाचते. दुसऱ्यांदा फक्त नामं आणि जागा यांच्याखाली रेघा मारते: पायरी, कंदील, सासरे, तिन्हीसांजा. या रेघांतून प्रश्न निघतात. कंदील कुठला, रॉकेलचा असेल तर साल कुठलं? सुनेने सासऱ्यांसमोर कुठे उभं राहायचं, उंबऱ्याच्या आत की बाहेर? उत्तरासाठी पुस्तकं, जुने फोटो, पुण्याचं केळकर संग्रहालय, कोणाची तरी आजी, जे सापडेल ते. तिसऱ्यांदा वाचताना लेखकाने जे लिहिलेलं नाही ते शोधते, कारण लिहिलेलं पुन्हा काढून दाखवलं तर चित्राची गरज काय? त्यानंतर रफ सुरू होतात. पाच-सहा रफ झाल्याशिवाय मी फायनलला हात घालत नाही. हे सगळं केल्यावर चित्राला लागणारा वेळ उलट कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

बाबा कदाचित विचारतील, आता यंत्रच चित्रं काढतं, मग चार वर्षं कशाला? काही काम कमी झालंय, हे मी लपवणार नाही. घाईची मुखपृष्ठं, भरतीची चित्रं माझ्याकडे आता फारशी येत नाहीत. पण ज्या संपादकांना त्या 'वरून'चं चित्र हवं असतं ते अजून फोन करतात.

आता या रविवारी काय करायचं ते सांगते. औंध तुझ्याच जिल्ह्यात आहे. यमाईच्या डोंगरावर भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांना महाभारत चित्रांसह छापायचं होतं. ही कल्पना त्यांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. संस्था सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पण कुठल्या महाभारताची चित्रं? पोथीगणिक श्लोक वेगळे, प्रसंग वेगळे. खरा पाठ कोणता हे ठरवण्यासाठी विद्वानांनी देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखितं जमवली, ताडून पाहिली, विष्णु सुखटणकरांसारख्या माणसाने त्यात आयुष्य घातलं. चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. मी ही हकीकत प्रत्येक नव्या वर्गाला सांगते. सचित्र पुस्तकाची इच्छा धरणाऱ्या एका माणसापासून ते काम सुरू झालं होतं.

तिथे गेलीस की सगळं संग्रहालय पाहू नकोस. एकच चित्र निवड आणि त्याच्यासमोर तासभर उभी राहा. फोटो काढू नकोस, चित्रही काढू नकोस. घरी येऊन आठवणीने काढ. कागदाच्या मागे लिही की त्यात कोण कुठे आहे, कोणाच्या हातात काय आहे, उजेड कुठून येतो, आणि चित्रातली गोष्ट तुला माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा कुठे वेगळी आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जा आणि काय सुटलं ते त्याच कागदावर लाल पेन्सिलीने दाखव. सीईटीच्या स्मरणचित्राचा सराव त्यात होईलच. तो कागद आई-बाबांनाही दाखव, आणि मग त्यांच्याशी बोलायला बस.